ताटी आणि किल्ली

सज्जनहो, निरूपणाला अभंग घ्यावा, त्याची पदे सोडवावीत, मग दृष्टांत द्यावा, ही आपली रीत. या महिन्यात ती रीत बाजूला ठेवतो आणि माझ्याच घरी घडलेला एक प्रसंग निरूपणाला घेतो. सांगताना थोडी लाज वाटते. परंतु आपला दोष चार सज्जनांत बोलून टाकावा, म्हणजे तो पुन्हा अंगाला चिकटत नाही, असे आमचे वडील म्हणत. म्हणून सांगतो.

मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला, शाळेतून निवृत्त झालेला माणूस. आमच्या लहानशा दिंडीची यादी आणि जमाखर्च माझ्याकडे असतो. पूर्वी हे सगळे वहीत होते. २०२२ साली पुण्याच्या मुलाने घरी संगणक आणून दिला, तेव्हापासून ते संगणकात गेले. त्याच संगणकात आणखी एक ठेवा होता. आमच्या घरची माउली वैकुंठवासी होण्यापूर्वी रोज सायंकाळी हरिपाठ म्हणत असे. नातीने तो आवाज मोबाइलवर धरला आणि संगणकात ठेवला. मोबाइल पुढे बिघडला. म्हणजे तो आवाज आता त्या एका पेटीतच उरला होता.

२०२४ सालची आषाढी एकादशी १७ जुलैला होती. पायी वारीला निघण्याच्या आदल्या रात्री मी संगणक उघडला, तो दिंडीच्या हिशेबाचे पान कोणी तरी उघडून पाहिल्याची खूण दिसली. घरात मी, सूनबाई आणि नात, एवढीच माणसे. मुलगा नोकरीला पुण्यास. माझ्या मनात आले, सूनबाईला या हिशेबाशी काय करायचे आहे? विचारले असते तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण विचारले नाही. गुपचूप परवलीचा शब्द बदलला, चांगला लांबलचक केला, कोणाला सांगितला नाही, कागदावरही लिहिला नाही. लिहून ठेवला तर कुलूप कसले, असे मनाशी म्हणालो आणि पहाटे आळंदीला गेलो.

अठरा-वीस दिवस माउलींच्या सोहळ्याबरोबर चाललो. वारीत माणूस घर विसरतो, त्यात मी तो शब्दही विसरलो. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेतला आणि एस.टी.ने कोल्हापूर गाठले. दुसऱ्या दिवशी सकाळी टाळ-वीणा जागेवर ठेवून संगणकासमोर बसलो, आणि यंत्राने मला ओळखले नाही.

एक शब्द घालून पाहिला, दुसरा पाहिला. गावाचे नाव, देवाचे नाव, जन्मसाल, सगळे उलटसुलट करून झाले. चार-सहा वेळा चुकल्यावर यंत्र म्हणू लागले, थांबा, थोड्या वेळाने या. नात मागे उभी होती.

"आबा, नवीन पासवर्ड घातलाय का तुम्ही? जुना चालंना झालाय."

"घातलाय."

"मग कुणाला सांगितला न्हाई?"

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही.

पुण्याला फोन केला. मुलगा म्हणाला, "अण्णा, विसरलेला पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलता येतो. नोंदवलेल्या नंबरवर सहा-सात आकडे येतात, ते घालायचे." मी विचारले, नंबर कोणता नोंदवला आहे? तो निघाला माझा जुना. ते सिम रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद झाले होते. दार बंद आणि निरोप्याही गेलेला, अशी अवस्था.

मग राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात पेटी घेऊन गेलो. बाहेर पावसाची झड लागलेली, पंचगंगेचे पाणी चढते आहे अशी रस्त्यात चर्चा. दुकानातला पोरगा हुशार होता. त्याने आतली तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. वाचकहो, येथे दोन प्रकारच्या कुलपांतला भेद समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सिद्धांत त्यावरच उभा आहे.

पहिले कुलूप दाराचे. खोलीला कुलूप आहे, पण आतली पोथी साध्या अक्षरांत लिहिलेली. खिडकीतून हात घालून ती काढली तर कोणीही वाचील. जुन्या बहुतेक संगणकांत असेच असे. परवलीचा शब्द माहीत नसला तरी तबकडी दुसरीकडे जोडली की मजकूर दिसे. दुसरे कुलूप पोथीतल्या अक्षरांचेच. तेथे प्रत्येक अक्षर गणिताने असे बदललेले असते की, पोथी हातात आली तरी पानोपानी अर्थहीन चिन्हे. अलीकडच्या पुष्कळ विंडोज यंत्रांत हे दुसरे कुलूप विकत घेतल्यापासूनच लागलेले असते. त्याला बिटलॉकर म्हणतात. ते उघडण्यासाठी ४८ आकड्यांची एक आपत्कालीन किल्ली असते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती किल्ली नसेल तर मालक असो, कारागीर असो, चोर असो, सगळे सारखेच बाहेर.

आमचे कुलूप या दुसऱ्या जातीचे निघाले. पडद्यावर ४८ घरे रिकामी दिसू लागली. पोरगा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारला की यंत्र चालू हुतंय बघा. पण आतलं काय ऱ्हाणार न्हाई."

म्हणजे दार उघडेल, पण घर रिकामे. मी पेटी उचलली आणि घरी आलो.

तो पोरगा बोलता बोलता म्हणाला होता, "काका, तुमचं एकट्याचं न्हाई. परवा सगळ्या जगाचं असंच झालं." नंतर समजले ते असे. मी वाळवंटात असताना, १९ जुलै २०२४ रोजी, संगणकांचे रक्षण करणाऱ्या एका कंपनीकडून सदोष फेरबदल पाठवला गेला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकाएकी बंद पडली. विमाने खोळंबली. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ती यंत्रे पुन्हा चालू करताना अनेक ठिकाणी हीच ४८ आकड्यांची किल्ली मागितली गेली. ज्यांनी ती नीट जपून ठेवली होती, त्यांचे काम लवकर सुटले. किल्लीच जेथे बंद पडलेल्या यंत्रात ठेवलेली, त्यांची आणि माझी गत एकच. रक्षणासाठी ठेवलेल्यानेच दार लावले, हे तेथेही आणि येथेही.

संध्याकाळी जेवायला बसलो, पण घास उतरेना. हिशेब पुन्हा मांडता आला असता, यादी वारकऱ्यांना विचारून जमवली असती. पण तो आवाज कोठून आणायचा? शेवटी सूनबाईनेच विचारले, "मामा, काय झालंय ते तरी सांगा." मी ४८ आकड्यांचे सांगितले. ती म्हणाली, "सहा-सहाचे आठ, तेच न्हवं? ते आहेत की माझ्यापाशी."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने आमची पेठ पाहिली. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ४३ फुटांवर गेले की धोका, हे कोल्हापूरच्या पोराटोरांना पाठ आहे. त्या दोन पुरांनंतर सूनबाईने एक नेम धरला. घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवायचा. रेशनकार्ड, सातबारा, माझे पेन्शनचे कागद, आणि संगणक आला त्या आठवड्यात मुलाकडून विचारून घेऊन, तिने स्वतःच्या अक्षरात उतरवलेले ते आठ गट. मला तिने तेव्हा सांगितलेही होते. मी ऐकले नव्हते.

नातीने शिडी लावली, पिशवी उतरवली. दुसऱ्या दिवशी दुकानात आकडे घालताना माझी बोटे थरथरत होती. चौथ्या गटात एक आकडा चुकला, तर यंत्राने तेवढ्यावरच अडवले. पोरगा म्हणाला, त्यातल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. भाग गेला नाही की कुठे चुकले ते तिथल्या तिथे कळते. अकराचा आकडा ऐकून मला एकादशी आठवली. आपल्या पूर्वजांनी पंधरवड्यातून एक दिवस असाच ठेवला आहे, चुकलेले जागच्या जागी कळावे म्हणून. असो. आठवा गट बसला, कुलूप निघाले, सगळे मजकूर दुसऱ्या तबकडीवर उतरले. यंत्र मग निश्चिंतपणे पुसून नव्याने मांडले.

येथपर्यंत दृष्टांत झाला. आता सिद्धांताकडे वळू.

माउलींच्या चरित्रातला ताटीचा प्रसंग आपणां सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने मन दुखावले, आणि ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली. बाहेर कोण होते? सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिने ताटी तोडली नाही, धक्का दिला नाही. ती बोलत राहिली. ते बोलणे ताटीचे अभंग म्हणून आपण आजही गातो. जगाला ज्ञान सांगायचे आहे त्याच्या दाराची किल्ली धाकट्या बहिणीच्या तोंडी होती. माउलींचा मोठेपणा असा की, त्यांनी ते ऐकले आणि ताटी उघडली.

दृष्टांत एकदेशी असतो हे ध्यानात ठेवावे. कोठे माउली आणि कोठे मी! त्यांची ताटी जगाच्या दुःखाने लागली, माझी सुनेवरच्या संशयाने. पण उघडण्याची रीत दोन्हीकडे एकच. बळाने उघडायला गेले तर घर रिकामे होते. धाकट्याचे ऐकले तर भरलेले घर परत मिळते.

येथे कोणी शंका घेईल, महाराज, मग कुलूप लावूच नये काय? घर उघडे टाकावे काय? समाधान ऐका. कुलूप जरूर लावावे. संगणकातला परवलीचा शब्द १९६०च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत आला. तेथे एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत, म्हणून प्रत्येकाचे लेखन वेगळे राहावे अशी योजना फर्नांदो कॉर्बाटो यांनी केली. मूळ हेतू शेजाऱ्याशी नीट नांदण्याचा होता. आज चोर फार झाले आहेत. बँकेतून बोलतो, संगणक उघडून देतो, मोबाइलवर आलेले आकडे सांगा, असे फोन येतात. अडलेला माणूस भोळेपणाने सांगून बसतो. ते आकडे म्हणजे किल्लीच. फोनवरच्या अनोळखी माणसाला ती कधीही देऊ नये. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. चोरासाठी कुलूप हा विवेक आहे. घरच्या माणसासाठी गुपचूप लावलेले कुलूप हा संशय आहे. आणि संशयाचे कुलूप लावणाऱ्यालाच प्रथम बाहेर ठेवते.

आपल्या पंढरीचाच इतिहास पाहा. चोखोबांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही, त्यांची समाधी आजही बाहेर आहे. पुढे शतकांनंतर, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा ते दार सर्वांसाठी उघडले. आपल्याच लेकरांना बाहेर ठेवून दार सांभाळणाऱ्यांनी इतकी वर्षे काय राखले, याचा विचार आपण करावा. यंत्राचे कुलूप निदान जात विचारीत नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्याला ते उघडते.

दुसरी शंका अशी निघेल की, किल्ली दुसऱ्याला दिली तर ती आपली कशी राहील? याचे उत्तर संप्रदायाच्या ग्रंथांनीच दिले आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती होत्या म्हणून शुद्ध करता आली. एकच प्रत एका पेटीत आणि किल्ली एकाच्याच डोक्यात असती, तर शुद्ध तरी काय केले असते? तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या आणि तेराव्या दिवशी वर आल्या, असे आपण श्रद्धेने सांगतो. त्याचबरोबर संताजी जगनाड्यांसारख्या शिष्यांनी ते अभंग लिहून ठेवले होते, लोकांनी पाठ केले होते, हेही सांगावे. जे दुसऱ्याच्या हाती विश्वासाने दिले, ते पाण्याने गेले नाही. संप्रदायात ठेवा राखण्याची रीत वाटण्याची आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. घरी संगणक असेल त्यांनी त्या कराव्यात.

पहिली. परवलीचा शब्द आणि ती ४८ आकड्यांची किल्ली कागदावर लिहावी. स्वतः कॉर्बाटोही उतारवयात आपले परवलीचे शब्द कागदावर टिपून ठेवीत, मग आपल्याला लाज कसली? कागद यंत्राला चिकटवू नये. रेशनकार्डाजवळ किंवा पोथीच्या बासनात ठेवावा. त्याच यंत्रात तर मुळीच ठेवू नये.

दुसरी. मोबाइलचा नंबर बदलला की जेथे जेथे जुना नोंदवला आहे तेथे तेथे नवा नोंदवावा. निरोप्या बदलला हे दाराला कळले पाहिजे.

तिसरी. जे गेले तर पुन्हा मिळणार नाही, आईचा आवाज, वडिलांचे पत्र, दिंडीची जुनी यादी, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. नदीकाठच्यांनी ती उंचावरच्या घरी द्यावी.

चौथी. घरातल्या एका तरी माणसाला हे सर्व माहीत असावे. आपण आज आहो, उद्या नाही. वैकुंठाला जाताना किल्ली बरोबर नेण्याची सोय नाही. मागे राहिलेल्यांनी दाराशी रडत बसावे, ही काही ठेव नव्हे.

पाचवे एक सांगायचे राहिले, ते यंत्राचे नव्हे. ते हिशेबाचे पान सूनबाईने का उघडले होते, हे मी नंतर विचारले. दिंडीतल्या एका वृद्ध वारकऱ्याच्या औषधाचे पैसे द्यायचे राहिले होते. मी विसरेन म्हणून तिने स्वतःच्या पैशातून ते देऊन टाकले आणि नोंद करायला पान उघडले. नोंद तिने केली होती. मी संशयाच्या भरात ती वाचलीच नव्हती.

वारीत वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो. वय पाहत नाही, जात पाहत नाही, ओळख पाहत नाही. अठरा-वीस दिवस मी वाटेत परक्यांच्या पायांवर डोके ठेवीत होतो, आणि घरी आपल्या माणसाला कुलूप लावून गेलो होतो. ती वारी पांडुरंगाने कोठे जमा केली असेल, ते तोच जाणे. त्या रात्री मी सूनबाईपुढे हात जोडून वाकलो. ती दोन पावले मागे सरली, "मामा, असं काय करताय!" म्हणाली आणि तिनेच माझ्या पायांवर डोके ठेवले. पदराने डोळे पुसले की पावसाचे पाणी पुसले, मी पाहिले नाही.

मग नातीने आवाज लावला. बाहेर पाऊस, आत तिघे जण. आमच्या घरची माउली हरिपाठ म्हणू लागली, मध्येच खोकली, पुन्हा म्हणू लागली. आम्ही तिघांनी टाळ हाती घेतले आणि तिच्यामागे म्हटले.

तात्पर्य एवढेच. घरात चोरासाठी कुलूप असावे, आपल्यासाठी ताटी असू नये. लागलीच, तर धाकट्याचे ऐकावे. येत्या एकादशीला फराळापूर्वी घरातल्या माणसांना एकत्र बसवा आणि विचारा, आपल्या घरातली कोणती किल्ली फक्त एकाजवळ आहे? यंत्राची निघेल, तिजोरीची निघेल, मनाचीही एखादी निघेल. तेवढी दुसऱ्याच्या हाती द्या. नाम घ्यायला परवलीचा शब्द लागत नाही, तसे आपल्या माणसाशी बोलायलाही लागू नये.

रामकृष्णहरि.